साडूची स्पोर्ट्स कार आणि माझे गुडघे

माझ्या साडूने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. कुठली ते सांगणार नाही, नाती टिकवायचीयेत. पण घ्यायच्या आधी कित्येक महिने त्याने जी तुलना चालवली होती ती आख्ख्या सासरवाडीची तोंडपाठ झालीये. एक्सेल शीट होती राव! सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा साहेब मोबाईलवर तीच उघडून उभे.

निस्सान जीटी-आरवर त्याचा फार जीव. ३.८ लिटरचं व्ही-सिक्स म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, त्यात हवा कोंबून ताकद वाढवणारे दोन टर्बो, आणि प्रत्येक इंजिन एकाच कारागिराने हाताने जोडलेलं, वर त्याच्या नावाची पट्टी. इंजिन पुढे पण वजन सारखं वाटलं जावं म्हणून गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, म्हणजे ताकद आधी मागे जाते आणि तिथून दुसऱ्या शाफ्टने परत पुढच्या चाकांकडे येते, एखाद्या सरकारी फाईलसारखी. फरक इतकाच की इथे ती खरंच पोचते.

मला स्वतःला १९९० ची होंडा एनएसएक्स पटली. आख्खी बॉडी ॲल्युमिनियमची, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, रेसिंगवाल्या आयर्टन सेन्नाने जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवून सूचना दिलेल्या, आणि इतकं सगळं करून काचेतून चहूबाजूचं नीट दिसतं, रोज ऑफिसला नेता येईल अशी. साडू म्हणाला, "भाऊजी, रोज न्यायची तर स्कूटर काय वाईट आहे?" यावर काय बोलणार.

मॅकलारेन एफ-वन या गाडीचा विषय निघाला की मात्र तो हळवा होतो. १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटर, इंजिनाच्या कप्प्यात उष्णता परतवायला चक्क सोन्याचा वर्ख, आणि ड्रायव्हर मधोमध, दोन्ही बाजूंना जरा मागे एकेक सीट. मी म्हटलं, म्हणजे एका कानाशी बायको, दुसऱ्या कानाशी सासूबाई. तेव्हापासून तो रकाना शीटमधून गायब आहे.

तर शेवटी आली ती दोन दारांची आणि मागे नावापुरत्या दोन सीटवाली. रविवारी कोथरूडहून डेक्कनला थाळी खायला जायचं ठरलं. बायको आणि मेव्हणी शहाण्या, वनाजहून मेट्रोने गेल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे. माझे गुडघे दुखत नव्हते म्हणून मी मागे. डेक्कन येईपर्यंत दुखायला लागले.

गिअरबॉक्स ड्युअल क्लच. एक क्लच एक-तीन-पाचचा, दुसरा दोन-चार-सहाचा, त्यामुळे एका गिअरमध्ये असतानाच पुढचा आधीच लावून तयार असतो आणि बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. छानच आहे. पण कर्वे रोडला रविवारी दुपारी तो दुसरा गिअर बिचारा तयार होऊन नुसताच बसून होता आणि शेजारून एक काका सायकलवरून आमच्या पुढे गेले, जाताना आत वाकून बघून गेले.

खरी परीक्षा गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे चढ कसा सावकाश. आमच्या गल्लीतला कोणी कुठल्या मापाने घातलाय देव जाणे, रुंदी बघून वाटतं डांबर उरलं होतं ते तिथेच ओतलं. गाडीला नाक वर उचलायचं बटण आहे, ते दाबलं की पुढचा भाग दमादमाने वर येतो, तोवर मागे हॉर्न. तरीही पोट घासेल म्हणून गाडी तिरकी घ्यायची, म्हणजे आख्खा रस्ता आडवा. लगेच टपरीवरची चार माणसं धावत आली, "अजून तिरकी! अजून!" ज्यांनी आयुष्यात रिक्षाच्या पुढे काही चालवलं नसेल ते सस्पेंशनवर बोलत होते, आणि गंमत म्हणजे बरोबर बोलत होते. सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली.

हॉटेलपाशी उतरायचं म्हणजे वेगळीच कसरत. सीट जवळपास रस्त्याला टेकलेली, सासूबाईंना धरायला कडी नाही की कठडा नाही, शेवटी पार्किंगवाल्याने आणि साडूने मिळून त्यांना वर घेतलं. मग पुढची सीट सरकवून मी निघालो, आधी डोकं, मग एक पाय, दुसरा बराच वेळ आतच. बायको आणि मेव्हणीचं तोवर मठ्ठ्यापर्यंत झालं होतं.

परवा साडूने पुन्हा एक्सेल उघडलीये. या वेळी लॅम्बोर्गिनी उरुस, स्पोर्ट्स कारवाल्यांनीच काढलेली उंच गाडी, व्ही-एट, दोन टर्बो, आणि दारं चक्क चार. परवडणार अर्थातच नाही, पण तुलनेला काय पैसे पडतात. मी त्याला 'मागे पाय कुठे ठेवायचे' असा एक रकाना वाढवायला लावलाय. सासूबाईंनी त्याच्या शेजारी अजून एक सांगितलाय, 'उतरताना काय धरायचं'.