ट्रीटॉप्स: राणीची गोष्ट सगळ्यांना माहितीये, त्या झाडाची कुणालाच नाही

शाळेत असताना लायब्ररीतून आणून कॉर्बेटच्या शिकारकथा मराठीत वाचल्या होत्या, त्यामुळे कॉर्बेट म्हणजे नैनिताल हेच डोक्यात बसलेलं. हा माणूस १९४७ मध्ये केनियाला गेला, न्येरी गावात राहिला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला हे मला फार उशिरा कळलं. तिथून ट्रीटॉप्सचा नाद लागला.

न्येरीजवळच्या अॅबरडेअरच्या जंगलात एरिक शेरब्रुक वॉकरने १९३२ मध्ये एका भल्यामोठ्या झाडावर मचाणासारखं दोन खोल्यांचं लॉज बांधलं, तेच ट्रीटॉप्स. शिडीने वर चढायचं आणि रात्रभर खाली पाणवठ्यावर येणारे हत्ती, गेंडे बघायचे. ५ फेब्रुवारी १९५२ ला राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती, सोबत शहात्तर वर्षांचा कॉर्बेट, आणि त्याच रात्री तिकडे इंग्लंडात तिचे वडील झोपेतच गेले. म्हणजे झाडावर चढली राजकन्या आणि उतरली राणी, फक्त तिला ते कळलं दुसऱ्या दिवशी सागाना लॉजवर.

ट्रीटॉप्सबद्दल काहीही वाचायला घ्या, गोष्ट इथेच संपते. मला ते पटत नाही.

कारण ते झाड मुगुमोचं होतं, आपल्या वड-उंबराच्या कुळातलं. तिथले किकुयू लोक त्याला देवाचं झाड मानतात, त्याच्याखाली प्रार्थना करतात, त्याला कुऱ्हाड लावत नाहीत. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. जमिनी गोऱ्यांनी घेतल्या म्हणून हेच किकुयू इंग्रज राजवटीविरुद्धच्या माऊ माऊच्या लढ्यात उतरले, १९५२ च्याच ऑक्टोबरात आणीबाणी लागली, हजारो जण अॅबरडेअरच्या जंगलात शिरले आणि मे १९५४ मध्ये ट्रीटॉप्स जाळलं गेलं, झाडासकट. त्यांचा पुढारी देदान किमाथी न्येरीकडचाच, त्याला फेब्रुवारी १९५७ मध्ये फाशी दिली. त्याच वर्षी लॉज पुन्हा उभं राहिलं, पूर्वीपेक्षा मोठं, आणि १९८३ मध्ये राणी ते बघायलाही आली.

मला एवढंच वाटतं की तिथे पर्यटकांना राणीच्या आधी किमाथीबद्दल सांगितलं पाहिजे. कॉर्बेटची कबर न्येरीच्या चर्चच्या आवारात आहे, लोक शोधत जातात, मलाही एकदा जायचंय. किमाथीला कामिटीच्या तुरुंगात नेमकं कुठे पुरलं, हे त्याच्या घरचे अजून विचारतायत.