छोटा जनरेटर म्हणजे खेळणं? एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

रात्रभर वीज गेली की दुसऱ्या दिवशी एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मला तो आतापर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांकडून आलाय, आणि तिघांनीही तो ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ म्हणून पाठवलाय. थोडक्यात तो असा: छोटे, स्वस्त जनरेटर म्हणजे खेळणी, त्यात पैसे घालू नका. घरातल्या सगळ्या उपकरणांचे वॉट मिळवा, दुप्पट करा, निदान तीन केव्हीएचा, म्हणजे साधारण २४०० वॉटचा घ्या. मोठा जनरेटर आरामात चालतो, त्यामुळे पेट्रोलही कमी पितो. खोक्यावर लिहिलेले वॉट मिळतातच. इन्व्हर्टर जनरेटर (विजेचं आधी डीसी करून मग स्वच्छ एसी देणारा; घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) नसेल तर मोबाइल-लॅपटॉप जळतात. टू-स्ट्रोक घेतला तर देखभाल शून्य. टाकी भरून ठेवा, लागेल तेव्हा दोरी ओढा. पाऊस असेल तर बाल्कनीत ठेवा, खिडकी उघडी असली की झालं. वायरिंगचा खर्च नको. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करा, कुठल्याही सॉकेटमध्ये खोचा, घरभर वीज.

लिहिणाऱ्याने स्वतःचाच मेसेज पुन्हा वाचलेला दिसत नाही. छोटे जनरेटर खेळणी असतील तर टू-स्ट्रोक घ्यायचा कसा? टू-स्ट्रोक पोर्टेबल जनरेटर जवळजवळ सगळे एक किलोवॉटच्या आतलेच असतात. पण हे गमतीचं झालं. शेवटच्या दोन सल्ल्यांनी माणसं मरतात, म्हणून हे उत्तर लिहावंसं वाटलं.

आधी ‘सगळ्यांचे वॉट मिळवा’ हा मुद्दा, कारण बाकीचा गोंधळ इथूनच सुरू होतो. वीज नसताना घर नेहमीसारखं चालवायचं, की रात्र काढायची? थोड्या बॅकअपसाठी जनरेटर बघणाऱ्याला बहुधा दुसरंच हवं असतं. मग त्याचाच हिशोब करू. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे, ३६. दोन साधे पंखे, दीडशे. राउटर दहा. लॅपटॉप साठ. दोन मोबाइल चार्जिंगला, चाळीस. झाले तीनशेच्या आत. गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर या यादीत नाहीत, आणि ते विसरून राहिलेले नाहीत. पाणी आधी भरून ठेवता येतं आणि इस्त्रीवाचून कुणाचं अडत नाही.

दुप्पट करण्यामागे एक खरं कारण आहे, पण ते मेसेजमध्ये नाही. मोटर असलेलं यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतं. थेट लाइनवर सुरू होणाऱ्या मोटरला हा धक्का पाच ते सात पटीपर्यंत जातो. शंभर-दीडशे वॉटवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज सुरू होताना छोट्या जनरेटरचा श्वास कोंडतो तो यामुळे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्याचा धक्का फारच कमी. म्हणजे सगळ्या यादीची दुप्पट करायची गरज नाही. चालू वॉटची बेरीज करा आणि ज्या एका मोटरचा धक्का सगळ्यात मोठा, त्याची भर घाला. दिवे, राउटर, चार्जर यांची दुप्पट करून काहीच साधत नाही. आणखी एक चकवा मायक्रोवेव्हचा. त्यावरचे ८०० वॉट अन्नाला मिळणारे असतात, सॉकेटमधून तो बाराशेच्या आसपास ओढतो.

फ्रिज नको असेल तर साडेसहाशे वॉटचं यंत्र पुरतं. फ्रिज हवा असेल तर सलग सोळाशे-अठराशे वॉट देणारं घ्या. त्यापुढे जायला कारण लागतं, आणि ‘असू दे जास्तीचं’ हे कारण नव्हे.

कारण ‘मोठा जनरेटर कमी पेट्रोल पितो’ हे सरळ उलटं आहे. साध्या जनरेटरचं इंजिन ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेलं असतं. तुम्ही एक दिवा लावा की दहा, फेऱ्या तेवढ्याच. स्वतःला फिरवत ठेवण्यासाठी लागणारं पेट्रोल ते जाळणारच, आणि इंजिन मोठं तितकं हे नुसतं फिरणं महाग. जे इंजिन लोडप्रमाणे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या भाराप्रमाणे, वेग कमी करतं, त्याचेही आकडे बघा. होंडाच्या ईयू२२००आय या इन्व्हर्टर जनरेटरची टाकी सुमारे ३.६ लिटरची. कंपनीच्याच म्हणण्यानुसार ती १८०० वॉटच्या पूर्ण लोडवर ३.२ तास चालते आणि पाव लोडवर, म्हणजे ४५० वॉटवर, ८.१ तास. गुणाकार केला तर पूर्ण लोडवर लिटरमागे १.६ युनिट वीज, पाव लोडवर जेमतेम एक. लिटरभर पेट्रोलमध्ये उष्णता नऊ युनिटच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की नासाडी किती ते कळतं. आता तीन केव्हीएच्या साध्या जनरेटरवर तीनशे वॉट टाकून बघा: क्षमतेचा आठवा हिस्सा, आणि इंजिन मात्र पूर्ण वेगात.

खोक्यावरच्या आकड्याबद्दल फार लिहायला नको. ईयू२२००आय या नावातले २२०० हे कमाल आहेत आणि सलग मिळतात १८००. निदान कंपनी दोन्ही आकडे छापते. नावात ९५० मिरवणारी ६३ सीसीची टू-स्ट्रोक यंत्रं सलग साडेसहाशेच्या आसपास देतात. तेव्हा ‘रेटेड’ किंवा सलग क्षमता विचारा, आणि आकडा व्हीएमध्ये असेल तर वॉट काढायला ०.८ने गुणून बघा. सांगणाऱ्यावर विश्वास नसेल तर इंजिनचे सीसी वाचा. स्थिर वेगाच्या छोट्या इंजिनातून दर सीसीमागे दहा ते तेरा वॉट निघतात, जोरात फिरणाऱ्या इन्व्हर्टर प्रकारात पंधरा ते वीस. ८० सीसी आणि ५००० वॉट एकाच खोक्यावर दिसले, तर ते खोकं तसंच ठेवून या.

मोबाइल जळण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. साध्या जनरेटरच्या विजेची लहर, म्हणजे व्होल्टेजच्या चढ-उताराचा आकार, वेडीवाकडी असते हे खरं. पण मोबाइल-लॅपटॉपचा चार्जर आलेल्या विजेचं आधी डीसीच करून टाकतो, त्याला लहरीच्या सौंदर्याशी देणंघेणं नसतं. त्याला मारतं ते व्होल्टेजचं उसळणं. स्वस्त यंत्रात व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर नसेल किंवा सुमार असेल, आणि मोठा लोड एकदम काढला, तर उरलेल्या उपकरणांवर व्होल्टेज चढतं. पेट्रोल संपताना इंजिन आचके देतं तेव्हाही तेच. म्हणून सवय लावायची: आधी यंत्र सुरू करून मिनिटभर स्थिर होऊ द्यायचं, मग एकेक लोड जोडायचा, बंद करताना आधी लोड काढायचे. लहर आणि वारंवारता खरोखर नडते ती संगणकाच्या यूपीएसला. तो जनरेटरची वीज नाकारतो आणि टिकटिक करत बॅटरीवर जात राहतो. तेव्हा इन्व्हर्टर जनरेटर परवडत असेल तर जरूर घ्या, मीही तोच सुचवीन; पण तो कमी लोडवर कमी पेट्रोल खातो आणि शांत चालतो म्हणून.

आवाजाबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, म्हणून एवढंच: डेसिबलचा आकडा किती अंतरावरचा आणि किती लोडवरचा हे विचारल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना करू नका. एकावर सात मीटरवरचा आकडा असतो, दुसऱ्यावर ध्वनिशक्तीचा (यंत्रातून एकूण निघणाऱ्या आवाजाचा), आणि यंत्र तेच असलं तरी या दोन आकड्यांत पंचवीसेक डेसिबलचा फरक पडतो.

‘देखभाल शून्य’ मी स्वतः करून पाहिलंय. टाकी भरलेला जनरेटर आठ महिने कोपऱ्यात होता. गरजेच्या रात्री दोरी ओढून खांदा भरून आला, यंत्र मात्र ढिम्म. दोष यंत्राचा नव्हता. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये धरतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं. उपाय सोपा आहे: काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकीही रिकामी ठेवलेली बरी. महिन्यातून एकदा थोडं ताजं पेट्रोल घालून, काही लोड लावून, दहा-पंधरा मिनिटं चालवायचं.

राहता राहिला टू-स्ट्रोक. तो हलका असतो, स्वस्त असतो आणि वर्षाकाठी मोजके तास चालवायचा असेल तर वाईट नाही. पण त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ५० ला १ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिली. अंधारात घाईघाईने नुसतं पेट्रोल ओतलं की इंजिन जाम. फोर-स्ट्रोकला ही मिसळ नाही, पण ऑइल बदलावं लागतं: पहिल्यांदा साधारण वीस तासांनी, नंतर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. शून्य देखभालीचं इंजिन या दोन्हींत नाही.

आता बाल्कनी. इथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. बाल्कनीत, गॅरेजमध्ये, जिन्याखाली, व्हरांड्यात पेट्रोल जनरेटर चालवायचा नाही, खिडक्या कितीही उघड्या असोत. धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण मारणारा वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. छोट्या कार्ब्युरेटर इंजिनात पेट्रोल अर्धवट जळतं आणि भरपूर कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. गाडीला असतो तसा तो वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक जनरेटरला नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने धरतं. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. माणूस म्हणतो दगदग झाली, जरा पडतो. तो झोपला की संपलं. एकट्या अमेरिकेत पोर्टेबल जनरेटरच्या या वायूने दरवर्षी शंभराच्या आसपास माणसं मरतात, असं तिथला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सांगतो. यंत्र घरापासून निदान वीस फूट, म्हणजे सहा मीटर लांब, आणि सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, हा त्याच आयोगाचा सल्ला.

काही नव्या यंत्रांत हा वायू ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर येतो. अमेरिकेतल्या एका मानकानुसार तो ८०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग वायू), किंवा दहा मिनिटांची सरासरी ४०० पीपीएम झाली की, इंजिन बंद करतो. मिळत असेल तर घ्या. पण तो यंत्राजवळची हवा मोजतो, तुमच्या झोपायच्या खोलीतली नाही. तिथे वेगळा अलार्म लावावा लागतो. आणि पाऊस असेल तर? यंत्र मोकळ्यावरच राहील, वर चारी बाजूंनी उघडं छत. तेवढी जागाच नसेल, वरच्या मजल्यावरचं घर असेल, तर पेट्रोल जनरेटर तुमच्यासाठी नाही. छोटा, मोठा, महाग, कुठलाही नाही. पेट्रोल भरतानाही यंत्र बंद करून पंधरा मिनिटं निवू द्यायचं. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल भडकायला ठिणगी लागत नाही.

दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीबद्दल. तिचं एक टोक जनरेटरमध्ये खोचलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते, आणि ते टोक तुमच्या हातात असतं. ती सॉकेटमध्ये गेलीच, तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. घराला कमी व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने ते वाढवतो, आणि वीज गेलीय असं समजून तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या हाताखाली काही हजार व्होल्ट येतात. मेसेज पाठवणाऱ्या एकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मेन स्विच बंद केला की झालं ना!’ अंधारात, घाईत, प्रत्येक वेळी, घरातल्या प्रत्येकाने तो आठवणीने बंद करायचा. एकदा विसरलं आणि तेवढ्यात लाइट आली, तर आधी जनरेटर जळेल. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचाच असेल तर चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे दोन्हीकडची वीज एकत्र येणं यांत्रिकदृष्ट्याच अशक्य होतं, आणि तो जाणत्या वायरमनने बसवायला हवा.

तीनशे वॉटसाठी मात्र यातलं काहीच लागत नाही. २३० व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आसपासचा करंट. चांगली जाड, बाहेर वापरायची एक एक्स्टेन्शन केबल यंत्रापासून खोलीपर्यंत आणायची, रीळ पूर्ण उलगडायचं आणि त्यावर टेबल फॅन, दिवा, चार्जर लावायचे. छतावरचे पंखे त्यावर चालत नाहीत, एवढीच अडचण.

वरच्या मजल्यावरच्या मंडळींसाठी, ज्यांना मी आत्ताच नाही म्हटलं: चार दिवे आणि राउटर मिळून ४६ वॉट. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरली, घरगुती इन्व्हर्टरमधली घट वजा केली, तरी पाचशे वॉट-अवर हाती येतात. म्हणजे दहा तास, बिनआवाजाचे. ज्यांच्याकडे मोकळी जागा आहे त्यांनाही मी दोन्ही सुचवतो: दहा अँपिअरचा चार्जर पावणेदोनशे वॉटच्या आसपास ओढतो, तेव्हा छोटा जनरेटर दिवसा लांब अंगणात पाच-सहा तास चालवून बॅटरी भरून घ्यायची आणि रात्री तो बंद.