अंबाला ते बीजिंग, तेही एका टाकीत?

लढाऊ विमानांच्या पल्ल्यांचा एक तक्ता सध्या फॉरवर्ड होत फिरतोय. राफेल 3,700 किमी, सुखोई-30 3,000, अमेरिकेचं एफ-35 1,093, आपलं तेजस 500. त्याखाली निष्कर्ष असे: राफेल एफ-35च्या तिपटीहून भारी, तेजस बिनकामाचं, आणि दिल्ली-बीजिंग अंतर 3,800 किमीच्या आसपास असल्याने अंबाल्याहून उडालेलं राफेल थेट बीजिंगच्या दारात. गंमत म्हणजे आकडे मनचे नाहीत. फक्त ते एका रांगेत बसवण्याच्या लायकीचे नाहीत.

पहिलं, '3,700 की 1,093?' राफेलचा आकडा फेरी रेंजचा आहे. पंखांखाली नि पोटाखाली ड्रॉप टँक (रिकामे झाले की टाकून देता येणाऱ्या जादा टाक्या) लावून, शस्त्रं न घेता, उंचावरून सरळ एकदा गेलं तर विमान किती लांब पोचेल, एवढंच तो सांगतो. एफ-35चा आकडा लढाऊ त्रिज्येचा: पोटात शस्त्रं घेऊन, फक्त आतल्या इंधनावर जायचं, काम करायचं नि परत यायचं. त्याच विमानाचा एकेरी पल्ला कंपनी 2,200 किमीहून जास्त सांगते. तेजसचे 500 हीसुद्धा त्रिज्याच. एकाचं नुसतं जाणं आणि दुसऱ्याचं जाऊन-येणं मोजलं, तर पहिला जिंकणारच.

दुसरं, 'मग 3,700चे निम्मे धरा.' तेही नाही. लक्ष्याजवळ झटापट झाली की आफ्टरबर्नर (इंजिनाच्या शेपटीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) लागतो आणि इंधन अक्षरशः ओतलं जातं. राफेलच्या आतल्या टाक्यांत सुमारे 4,700 किलो इंधन मावतं. समुद्रसपाटीला दोन्ही इंजिनं पूर्ण आफ्टरबर्नरवर ठेवली, तर इंजिनांच्या जाहीर आकड्यांवरून ते साधारण 11 मिनिटांत संपतं. एवढा वेळ कुणी बटण दाबून बसत नाही, पण दोन मिनिटांतच परतीच्या वाटेचा केवढा तुकडा जातो बघा. शिवाय रडार टाळायला खाली उतरावं लागलं, तर दाट हवेत खर्च आणखी वाढतो. सुखोईचे 3,000 किमी उंचावरचे आहेत. जमिनीलगत तोच आकडा 1,270वर येतो.

तिसरं, बीजिंग. याचं उत्तर राफेलनी स्वतःच दिलंय. जुलै 2020 मध्ये पहिली पाच विमानं फ्रान्समधून अंबाल्याला आली. पहिला टप्पा संयुक्त अरब अमिरातीतल्या अल धफ्रापर्यंत, तिथे मुक्काम, मग 2,700 किमीहून थोडा जास्त दुसरा टप्पा. तक्त्याप्रमाणे हा दुसरा टप्पा एका दमात व्हायला हवा होता. तरीही वाटेत आपल्या हवाई दलाच्या टँकरने त्यांना हवेत इंधन दिलं. ना शत्रू, ना क्षेपणास्त्रं, उतरायला स्वतःचा तळ. बीजिंगच्या वाटेवर यातलं काय मिळणार?

'पण हवेत इंधन भरलं की पल्ला अमर्याद!' टँकर म्हणजे गोदामाएवढं, संथ, स्वसंरक्षणाला कच्चं विमान. आपल्याकडे असे आयएल-78 टँकर सहा आहेत, आणि तिबेटवर एखादं तरंगत ठेवायला कोण धजावेल? 1981 मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली, तेव्हा एफ-16ना वाटेत टँकर नव्हता. धावपट्टीवर इंजिनं चालू ठेवूनच टाक्या काठोकाठ भरल्या आणि रिकामे झालेले ड्रॉप टँक वाटेतच टाकून दिले. जाणं सुमारे 1,100 किमी, येणंही तेवढंच. तक्त्यातल्या आकड्यांची ऐट इथे कुठेच दिसत नाही.

तळाची उंची तर तक्त्यात नसतेच. तिबेटमधला न्गारी गुन्सा विमानतळ 4,200 मीटरहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत भरल्या वजनाने उडणं अवघड. इंधन तरी कमी घ्या, नाहीतर शस्त्रं. अंबाला जेमतेम पावणेतीनशे मीटरवर. म्हणजे एकच विमान दोन तळांवरून दोन वेगवेगळ्या पल्ल्यांचं होतं.

राहिलं 'बिनकामाचं' तेजस. ते मुळात मिग-21ची जागा घ्यायला बनलं, बीजिंग गाठायला नाही. आणि सप्टेंबर 2018 मध्ये त्याने आयएल-78कडून हवेत 1,900 किलो इंधन घेतलं. ते त्या 500 मध्ये कुठे धरलंय?