४ मिनिटांचं गाणं, २२ सेकंदांत ‘एक नंबर’

दुपारी मित्रांच्या ग्रुपवर नवीन गाण्याचं मिक्स, म्हणजे गळा आणि वाद्यं जुळवलेली फाइल, टाकली. ४ मिनिटं १० सेकंद. २२व्या सेकंदाला पहिला ‘एक नंबर भावा!’ आला. मग रांगच. अंगठे, ‘कडक’, ‘हे गाजणार बघ’. अरे, पहिला शब्दच ३५व्या सेकंदाला आहे! तोवर नुसती पेटी. काय गाजणार, पेटी?

‘स्पष्ट सांगा’ असं मी गाण्यासोबत लिहिलं होतं. आपल्याकडं त्याचा अर्थ ‘कौतुक करा’ होतो, ठाऊक आहे. पण कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते सुळेभावी बेळगावजवळच, त्यामुळं आपण सगळे जन्मजात कानसेन ना? मग कान कुठं गेले?

मला खरं ऐकणारं माणूस एकच भेटलं, वडगावची मामी. गेल्या पावसाळ्यात पहिलं गाणं घरीच केलं. मागच्या खोलीच्या दाराला गोधड्या टांगल्या आणि पत्र्यावरचा पाऊस थांबायची वाट बघत रात्री दीडला गायलो. मिक्सला ३ आठवडे. घेऊन मामीकडं गेलो तर माग चालू. बंद कर म्हटलं, तर म्हणाली, “लाव की असंच, साडी आज द्यायची हाय.” मोबाईल खिडकीत ठेवला. खटखट खटखट, त्यात माझं गाणं. तुटलेला धागा जोडत जोडत तिनं अख्खं ऐकलं. मग म्हणाली, “चाल गोड हाय रे. पण तू काय म्हणुलालास ते कळंना. तबलेवाला दारात बसलाय आणि तू आत माजघरात.”

चार दिवस धुसफुसत होतो. तिला काय कळतंय मिक्सिंगमधलं! शेजारचा कानडी मित्रही ‘तबला जास्ती आयतु’ म्हणाला होता. त्याला मराठी कुठं येतंय म्हणून ते सोडून दिलेलं.

पाचव्या दिवशी फाइल उघडली. हेडफोनवर मोठ्यानं ऐकताना आवाज टोचतो म्हणून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आवाजातला वरचा टोकदार भाग, मी भरपूर कापला होता. क, ट, च यांची धार त्याच भागात असते. वर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, एवढा, की एक अक्षर विरायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून डग्ग्याचा घुमार येतच नाही, उरते चाटेची, म्हणजे तबल्याच्या काठाची, टणटण. तीच दारात बसलेली! कापलेलं परत भरलं, रिव्हर्ब निम्मा केला, माझा आवाज २ डेसिबल वर घेतला. आलो माजघरातून बाहेर.

हां, मागाच्या खटखटीत गाणं तपासणं हे काही शास्त्र नव्हे, मान्य. पण लोक ऐकणार कुठं? रिक्षात, नाहीतर भांडी घासताना.

आणि उपाय सांगू नका हो. ‘कम्प्रेसर वाढव’ (आवाजाचे चढउतार दाबणारं साधन) वगैरे नको. कुठल्या मिनिटाला काय खटकलं आणि कशावर ऐकलंत, एवढंच सांगा. मामीनं कुठं कम्प्रेसर सांगितला? ‘आधीच्यापेक्षा लय भारी’ म्हणणाऱ्यांनो, मी परत टाकलेली फाइल तीच होती, नुसती मोठ्या आवाजाची. मोठं ते कानाला गोड लागतंच.

सगळ्यांना वेळ नसतो, हेही खरं. मग गप्प बसा की! गप्प बसलेलं चालतंय मला.

...इथवर लिहिलं आणि वरून मेसेज आला. खानापूरचा एक पोरगा, कॉलेजात आहे. परवा त्यानं आयुष्यातलं पहिलं गाणं पाठवलं होतं. आता विचारतोय, “दादा, शेवटच्या कडव्यात आवाज फाटतोय काय?” वर सरकवून बघितलं तर माझं उत्तर: ‘मस्त रे, चालू ठेव!’ आणि फाइलवर डाउनलोडचा बाण तसाच.

वरचं खोडणार होतो. राहू दे, मलाही लागू आहे ते.

आत्ता त्याचं गाणं लावलंय, मोबाईलच्याच स्पीकरवर. आवाज फाटतोय, हो. माईकच्या फार जवळ गेलाय. पण १ मिनिट ५० सेकंदांना मागं कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झालीय, बरोबर समेवर. ती काढू नको म्हणून सांगतो.