गुरुजी, याचं नाक कुठी गेलं?

पोरगी नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना तिचा पग जातीचा कुत्रा आमच्या गळ्यात मारून गेली. परवा त्याचा डावा डोळा लालबुंद झाला, चिपडांनी चिकटला. वैशाखातल्या उन्हात तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो.

व्हरांड्यात बकरी घेऊन एक आजा बसला होता. त्यानं आधी पगाला न्याहाळलं, मग मला.

"गुरुजी, हा कुत्रा होय का बेंडूक?"

"कुत्राच आहे."

"मंग याचं नाक कुठी गेलं?"

"जन्मापासून असंच असतं, बाबा."

"केवढ्याले पडला?"

खरी किंमत सांगितली, तीही पोरीचा मान राखायला.

"अरे बाप्पा! एवढ्यात दोन बकऱ्या अन् वर बोकड आला असता. तिघायलेबी नाक राह्यलं असतं!"

सगळा व्हरांडा हसला. कंपाउंडर तर जास्तच. त्यानंच मघाशी 'दूध किती देते?' असं सवयीनं विचारलं होतं.

मग मदतीच्या उमाळ्यानं आजानं पगाची मानगूट धरली. डॉक्टर आतून ओरडतच आले, "सोडा! डोळा बाहेर येईल!" चपट्या तोंडामुळे खोबण उथळ, डोळा बाहेर आलेला. मानगूट किंवा पट्टा जोरात ओढला तर खरंच निखळतो म्हणे. झोपेतही पापणी पुरती मिटत नाही, डोळा कोरडा पडतो. नाकावरच्या घडीचे केस बुबुळाला घासतात आणि व्रण, म्हणजे जखम होते.

आजानं सगळं नीट ऐकलं. "म्हंजे गुरुजी, पैसे देऊन नासका माल आनला."

हसणाऱ्यांचा राग नाही. राग याचा की आजाला उत्तर देता आलं नाही. हे तोंड माणसांनीच गोंडस दिसावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत आणलं, आणि भोगतो तो.

मेडिकलवाल्यानं न विचारता हातात दिलेला ड्रॉप डॉक्टरांनी बाजूला ठेवला. त्यात स्टेरॉइड होतं. व्रण असताना ते घातलं तर बुबुळाला भोक पडू शकतं. व्रण हिरवा चमकवून दाखवणारी रंगाची पट्टी मात्र दवाखान्यात संपलेली. म्हणजे नागपूर. म्हणजे गाडीभाडं.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीपासून पुढे ढकललंय, कारण तिकडे घेऊन जायला कोणाला सवड नाही. पग मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी करून गेला. रात्री पोरीचा फोन.

"बाबा, त्याला नीट दिसतंय ना?"