उघड्या छताची लॅब कुणी मागितली होती?

परत ठिबकलं! पीसीआरची (डीएनएच्या प्रती काढायची) 96 छोट्या खळग्यांची, म्हणजे वेलची, प्लेट भरून झाली होती, सील चिकटवायला घेतलं आणि वरच्या उघड्या पाइपांवरून टपकन थेंब पडला. तोही स्वच्छ नाही, केबल ट्रेवरची धूळ धुऊन आलेला, काळपट. शिंतोडे चारच वेलमध्ये दिसले, पण बाकीच्यांवर भरवसा कोण ठेवणार? अख्खी प्लेट कचऱ्यात. त्या सॅम्पलचा डीएनए होता तेवढा संपला. आता परत कुठून आणायचा?

मेंटेनन्सवाले आले, मान वर करून बघितलं, 'पाइपाला घाम आलाय' म्हणाले आणि निघून गेले. अरे, येणारच! पाइपात एसीचं 7 अंशांचं चिल्ड वॉटर, खोलीत 24 अंश आणि 60 टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) 16 च्या आसपास. व्हॉल्व्हपाशी इन्सुलेशनचं वेष्टन फाटलं की पाणी सुटणार, हे डिझाइन करणाऱ्यांना माहीत नसतं? आणि व्हॉल्व्ह नेमका बेंचच्या डोक्यावर कशाला? पॅसेजवर घ्यायला काय अडचण होती?

म्हणे फॉल्स सीलिंग नसलं की मोकळं वाटतं, फोटो छान येतात. फोटोवाले एकदा येऊन जातात, त्या हवेच्या डक्टांखाली रोज आम्ही बसतो. चौकोनी डक्टांच्या सपाट पाठीवर धूळ साचते. पुसायची तर शिडी हवी, आणि शिडी लावायची तर आधी खालची सगळी यंत्रं झाका. त्यात वर सगळं काळं रंगवलंय, म्हणजे धूळ किती साचली तेही कळत नाही. त्याच्याच खाली दशांश मिलिग्रॅम मोजणारा बॅलन्स ठेवलाय, आणि एसीची हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरचा झोत थेट त्याच्यावर. आकडा स्थिर होईल तर शपथ! रसायनांच्या वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडच्या एक्झॉस्टची घरघर उघड्या स्लॅबवर आपटून घुमते, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. संध्याकाळी डोकं ठणकत असतं.

उघडं छत नीट करता येतं, म्हणून तर जास्त संताप येतो. गोल डक्ट घ्या, इन्सुलेशनवर पुसता येईल असं कवच चढवा, आवाज शोषणारे बॅफल टांगा, सफाईचा खर्च दरवर्षी धरा. पण पैसे कमी पडले की नेमकं हेच सगळं आधी कापतात आणि उरलेल्या उघड्यावाघड्या सांगाड्याला स्टाइल म्हणतात. वास्तुकार लुई कानला पाइप आणि डक्ट यांचा मनस्वी तिटकारा होता, आणि म्हणूनच त्याने त्यांना हक्काची जागा दिली. 1965 साली पूर्ण झालेल्या त्याच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये (कॅलिफोर्नियातली संशोधन संस्था) प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर पाइप-डक्टांसाठी वेगळा मजला आहे, माणूस ताठ उभा राहील एवढा उंच. दुरुस्ती वर चालते, खाली काम थांबत नाही. साठ वर्षांपूर्वी सुचलं होतं हे!

आता वरच्या मजल्याचं ड्रॉइंग आलंय. त्यात टिशू कल्चरची, म्हणजे निर्जंतुक जागेत जिवंत पेशी वाढवायची, खोलीसुद्धा उघडीच ठेवलीये. टिशू कल्चर! तिथे बंद, धुता येणारं छत दाखवल्याशिवाय त्या कागदावर माझी सही होणार नाही.