ओटीपी ठेकेदाराच्या मोबाईलवर

अचलपूर तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाईनचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, केवायसी, जे म्हणाल ते. सोयाबीनच्या सोंगणीला अन् मग कापूस वेचायला मेळघाटातून मजूर उतरले की माझी खरी गर्दी अंधार पडल्यावर. दिवसभर ते वावरात असतात.

२०२५ च्या दिवाळीनंतर अशीच एक कोरकू बाई आली, धारणीकडची. मोबाईल रुमालात गुंडाळलेला. लाडकी बहीणची ई-केवायसी करायची होती. आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला अन् दोघंही तिच्या मोबाईलकडे पाहत बसलो. काहीच येईना. मग ती हळूच म्हणाली, "दादा, थो नंबर त ठेकेदाराचा हाय."

आधार काढलं तेव्हा घरात फोन नव्हता. ठेकेदारानं आपला नंबर देऊन टाकला. आता त्याला फोन लावा, तो उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पाठवा. त्यात नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागायचा, अन् नवरा दर्यापूरकडे दुसऱ्या टोळीत.

मागून कोणीतरी म्हटलं, "शिकेल नाही न, म्हणून असं होते."

मला राग आला, खरं सांगतो. ही बाई घरी कोरकू बोलते, मध्य प्रदेशातल्या नातलगांशी हिंदी, अन् आमच्या शेतकऱ्यांशी मजुरीचा भाव ठरवताना अशी वऱ्हाडी, की समोरचा दोन रुपये वाढवूनच देतो. कोरकूचं मराठीशी कुळाचं नातंही नाही, ती संथाली-मुंडारीच्या घराण्यातली. एवढं डोक्यात घेऊन फिरणारी बाई अडाणी, अन् पडद्यावरचं 'प्रमाणीकरणास संमती' वाचून "म्हणजे काय बे?" विचारणारे आमच्या गावचे बीए पास मात्र शिकलेले!

जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांचा किंवा त्याहून मोठा, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा माणूस. 'कोणत्याही भाषेत' हे कागदावर ठीक आहे. पण कोरकूत तिला कोणी शिकवलं? भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यघटनेत कलम ३५० क १९५६ पासून आहे. तिची शाळा मराठीत सुरू झाली अन् तिसरीत सुटली.

आपण इथले, म्हणून आपल्याला हसू येतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात तेव्हा त्यांना विचारा. माझ्या मावसभावाची सासुरवाडी तिकडची. तिथल्या बस स्टँडवर बहुतेक पाट्या तेलुगूत. चांगले बारावी शिकलेले लोक, पण मोबाईलमध्ये पाटीचा फोटो काढून ठेवतात अन् परतताना बसच्या कपाळावर तशीच अक्षरं शोधतात. वळणावरून वळण जुळवायचं. तिथे ते काय, अंगठेछाप?

माझं म्हणणं साधं आहे. मजूर डोंगर उतरायच्या आधी, सप्टेंबरातच, धारणी अन् चिखलदऱ्याच्या आठवडी बाजारात आधारचा नंबर बदलायची मशीन बसवा. शेजारी कोरकू बोलणारं एक शिकलेलं पोट्टं बसवा, रोजी देऊन. फॉर्म बोलून सांगता येत असेल तर कोरकूत बोलू द्या. साक्षरता वर्ग वगैरे घ्या, जरूर घ्या, पण कापूस वेचून आलेल्या माणसाला रात्री आठ वाजता बाराखडी नको असते, काम व्हायला हवं असतं. (अन् हो, मीही काही संत नाही. फॉर्मात भाषेचा रकाना आला की कितीतरी कोरकू लोकांपुढे न विचारता 'मराठी' ठोकलंय मी.)

त्या रात्री केवायसी झालीच नाही. मी पैसे घेतले नाहीत. ती उठणार तेवढ्यात तिच्या मोबाईलवर मेसेज वाजला. पोरगी आश्रमशाळेत आहे, तिचा. एरवी ती बोलून पाठवते, या वेळी टाईप केलं होतं. "वाचा न दादा," म्हणून मोबाईल माझ्यापुढे धरला.

अक्षरं देवनागरी, भाषा कोरकू. मी एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेलो, पहिलीतल्या पोरासारखा, अन् मला एकाचाही अर्थ लागेना. ती मात्र ऐकता ऐकता हसायला लागली. दोनदा तिनं मला थांबवून उच्चार सुधारायला लावला. शेवटच्या ओळीला तिनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणते पोरगी?" मी विचारलं.

"तुमीच त वाचलं," ती म्हणाली.